बाबांना उभे करणारी बाई

बाबांचे उजवे अंग लकव्याने गेले, तेव्हा त्यांची एकच इच्छा उरली होती: संडासला एकट्याने जाता यावे. आई वारलेली, घरात ते आणि मी, त्यांची अविवाहित मुलगी. तिरोडीच्या खाणीत उभा जन्म काढलेल्या माणसाला मुलीच्या आधाराने तिथवर जाणे सोसत नव्हते. ते बोलून दाखवीत नसत. दिवसभर पाणीच पीत नसत.

घरी येऊन बाबांना पुन्हा चालते करणारे कुणी बालाघाटात मिळेल का, हे विचारण्याचाही मला संकोच. औषधांच्या दुकानात गर्दी ओसरेपर्यंत मी बाजूला उभी राहिले.

"मालीशवाली चाहिए ना?" दुकानदाराने विचारले. मी मान डोलावली. आमच्याकडे लकवा म्हटला की मालीशच. लालबर्ऱ्याहून आत्या तेलाची बाटली घेऊन आलीही होती. पण दुकानदाराने बोट दाखवले तो दवाखाना फिजिओथेरपीचा निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना तपासून व्यायाम ठरवले आणि ते करवून घ्यायला आपली सहायिका घरी धाडली. चाळिशीची, सावळी, कमी बोलणारी बाई.

"तेल काहून नाही आणलं वो बाई?" बाबांनी विचारले.

"मी मालीशवाली नाही, बाबूजी."

"मंग का करतेस तू?"

"तुमाले उठवते."

"उठवाले तं शेजारचा कोंबडा बी आहे."

ती हसली आणि तिने त्यांना उठवून बसवले.

व्यायाम ठरवणे तिच्याकडे नव्हते. ठरलेले करवून घ्यायचे, पडू द्यायचे नाही, आणि काय जमले, काय अडले ते डॉक्टरीणबाईंना कळवायचे. बाबा एकटे कधी चालतील, असे मी भीतभीत विचारी, तेव्हा ती म्हणे, "थे मॅडम सांगतीन, ताई." मला ती टाळाटाळ वाटे.

आत्याला तर ती निर्दयच वाटली. आजारी माणसाला हातही हलवू द्यायचा नाही, ही आत्याची सेवा. ती घास भरवी, पेला ओठांना लावी.

"आत्याबाई, गिलास दूर ठेवा. त्याहीले घेऊ द्या."

"तुह्या बापाले असं करशीन का?"

"केलं हाये," ती म्हणाली, आणि पेला स्वतःच दूर सरकवला.

बाबा आधाराने अंगणापर्यंत चालू लागले. पण संडासच्या पायरीपाशी पाय अडला, तो अडलाच. कित्येक आठवडे तिने त्या एका पायरीवर घालवले. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा तपासले. त्यानंतर सहायिका आली, ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आज बाबूजींचं नाही, तुमचं शिकणं आहे."

तिने बाबांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला. "दंड नोका धरू, खांदा उतरते. इथं, मागून धरा. गुडघे वाकवा तुमचे."

मी धरले. ती माझी बोटे नीट बसवीत होती, आणि ती मला का शिकवीत होती ते मला कळत होते.

बाबांनाही कळले. "म्हणजे एकटं नाही जमणार?"

"मॅडमनं तसंच सांगितलं, बाबूजी."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली नाही. डाव्या हाताने पलंगाची कड वाजवली. मी पट्टा बांधला. पायरीपाशी वाकून त्यांचा पाय उचलून वर ठेवला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. परत पलंगावर बसवेपर्यंत ते उघडले नाहीत.