वास नसलेला शंख

सेन्सियाच्या हातांना वास यायचा. साधासुधा नाही, सडक्या गोगलगाईंचा. ओलांगो बेटावर जाळ्यात नक्षीचे शंख यायचे, ते ती वाळूत पुरायची आणि आठ दिवसांनी उकरायची. तोवर आतलं मांस सडून काळं पाणी झालेलं असायचं. मग तारेचा आकडा घालून तो लिबलिबीत लगदा ओढायचा, अळ्या झटकायच्या, धुवायचं. शी, सांगतानाही मळमळतं. सगळं बेट हाताने जेवायचं आणि ही बिचारी चमच्याने. स्वतःच्या हातांची तिला स्वतःलाच शिसारी.

तिच्या मुलीचं, मेल्बाचं लग्न ठरवायला मुलाची आई आली, पूरिता. पलीकडच्या बेटावरची दुकानवाली, इस्त्रीचा झगा. आल्याआल्या तिने नाकाला रुमाल लावला तो काढेना. सेन्सियाने नारळाच्या दुधातला मासा केला होता, लिंबाने तीनदा हात घासले होते.

"तुम्ही वाढू नका हं," पूरिता म्हणाली. "मुलीला वाढू दे."

"हात धुतलेत, विहीणबाई."

"मग वास काय माझा येतोय?"

मेल्बाचं तोंड एवढंएवढंसं झालं. आपल्या हातांपायी पोरीचं लग्न मोडतंय, हे सेन्सियाला दिसत होतं.

पूरिताने घासही घेतला नाही. वाऱ्याला बसते म्हणून पायरीवर गेली. तिथे सकाळच्या शंखांची बादली होती, अजून पुरायची राहिलेली. तिने एक उचलला, रुमाल काढून हुंगला.

"हा बघा किती छान. ह्याला मुळीच वास नाही. हा मी नेते." आणि खिशात घालायला लागली.

सेन्सियाच्या थोरल्या भावाने जाळं ओढताना असाच एक शंख चड्डीच्या खिशात टाकला होता. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत भाऊ मेला होता. सडका शंख काही करत नाही. वास नसला म्हणजे आतली गोगलगाय अजून जिवंत आहे.

ती धावली, पूरिताचं मनगट धरलं आणि शंख झटकून टाकला. तो पायरीवर पडला. आतून सोंड निघाली, लाकूड चाचपायला लागली. मग त्या मेलीने पिशवीसारखं तोंड फाकलं आणि गिळलेला मासा ओकला. अर्धा विरघळलेला, बुळबुळीत, डोळे तेवढे जागेवर.

"हिने विषारी काटा मारला असता तर होडीपर्यंतही पोचला नसतात," सेन्सिया म्हणाली.

पूरिता कुंपणाशी जाऊन भडाभडा ओकली.

"कपाळ धरू का? हात माझे हे असे."

"धरा हो. आता कसला वास घेऊन बसलाय."

चूळ भरून ती आत येऊन बसली. सेन्सियाने मेल्बाला हाक मारली, तशी पूरिता म्हणाली, "तिला कशाला? तुम्हीच वाढा, विहीणबाई. तारखेचं बोलू. फक्त तो मासा उचला समोरून. नुसता भात द्या."