अंगठ्याची फुलदाणी

आमच्या एका खोलीत धड चार ताटं नव्हती, तिथे फुलदाणी कुठली? आई दिवसभर विड्या वळायची, त्यावर माझं कॉलेज चालायचं. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एक म्हातारा गोणपाटावर जुनं सामान मांडायचा. त्यात बंगल्यांतून आलेल्या, वर चकचकीत झिलई नसलेल्या चिनीमातीच्या पांढऱ्या फुलदाण्या असायच्या, खडूसारख्या कोरड्या. हाताचा डाग बसू नये म्हणून तो फुलदाण्या धोतराच्या सोग्यात धरूनच उचलायचा.

शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी एक घेतली. आईने कौतुकाने हातात धरली आणि तंबाखूने माखलेल्या अंगठ्याचा ठसा उमटला. मी तिच्यावर ओरडले. साबण लावला, सोडा लावला, ठसा जाईना. पुढच्या बुधवारी म्हाताऱ्याकडे नेली.

"बाबा, एवढा डाग काढून द्या."

त्याने ती उन्हात फिरवून पाहिली. "कुणाचा गं अंगठा?"

"आईचा."

"मग ऱ्हाऊ दे की! झिलईवर कुणाचाच हात टिकत नाय. पुढं ह्योच अंगठा लय शोधशील, येडे."

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पुढे आई गेली. म्हाताऱ्याच्या जागी आता कुणी चपला विकतं.

घराण्यातली पहिली पदवीधर मीच. आता माझं स्वतःचं घर आहे. काचेच्या कपाटात नऊ पांढऱ्या फुलदाण्या आहेत आणि अंगठ्याची सगळ्यांत पुढे आहे.