मंगळवार पेठेतला नांगर

बायको लग्न होऊन आली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर एक दगड घेऊन आली. मधोमध भोक, कडा झिजलेल्या, उचलायला दोन गडी लागले. "हा आमचा नांगर," म्हणाली. आम्ही शेतकरी माणसं, पेठेत राहायला आलो तरी. माझी आई म्हणाली, "ह्यो नांगर? मग बैल कुठं हाईत, सूनबाई?" सगळं घर खो-खो हसलं. होडी हलू नये म्हणून पाण्यात सोडतात, त्यालाही तिच्याकडं समुद्राकाठी नांगरच म्हणतात, हे आम्हाला कुठलं ठाऊक? मी चौथी शिकलेला. दगड मागल्या परड्यात टाकला आणि भोकातनं दावं ओवून म्हैस बांधली. पुढं म्हशी गेल्या, दगडावर धुणं सुरू झालं.

गेल्या दिवाळीच्या आधी बायको गेली. तेरावं झालं, पावणं पांगले, आणि दगड घामेजायला लागला. ऐन उन्हात. भोवतीची फरशी ठणठणीत कोरडी आणि दगड ओला. बोट लावून चाखलं तर खारट. पहिल्या दिवशी जेवणाच्या वक्ताला, दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आप्पा, बीपीची गोळी घेताय न्हवं?" घेतो की. गोळीचा आणि दगडाचा काय संबंध?

मी रोज त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसायला लागलो. दगड ओला झाला की परड्यात तिच्या न्हालेल्या केसांचा वास यायचा. खरं सांगतो, भ्या वाटायचं. बरंही वाटायचं.

शिमग्याच्या सुमाराला तिचा धाकटा भाऊ आला. सोबत कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई. होड्यांची, बंदराची जुनी चीजवस्तू नोंदवायला तिच्या माहेरच्या गावानं त्यांना बोलावलेलं. कुणाच्या घरात काय आहे ते गाव सांगणार, त्याचं काय करायचं तेही गावच ठरवणार. बाईंनी मापं घ्यायची, फोटो काढायचे.

मी दारातच म्हणालो, "दगड मिळणार न्हाय. च्या प्या आणि गाडी धरा."

मेव्हणा हसलासुद्धा नाही. "आमी दगड नेवक नाय इलव, भावोजी. तो अजून हंयसर कसो, ता विचारूक इलव."

मग परड्यात दगडापाशी बसून त्यानं सांगितलं. मुलगी लांब दिली की तिच्याबरोबर एक नांगर देतात, तिचं मन तिथं ठरावं म्हणून. ती मेली की तेराव्याच्या आत तो परत खाडीत सोडायचा. नाहीतर ती अडकते. ना इकडं, ना तिकडं.

"तायन् सांगलां नाय तुमका?"

"सांगितलं असंल. मी कुठं ऐकत हुतो?"

बाई म्हणाल्या, असा दगड पाण्यात टाकायचं त्यांच्याही जिवावर आलेलं. "काचेत ठेवला असता तर चार लोकांनी बघितला असता. पण बैठकीत गावच्या बायकाच उठल्या. म्हणाल्या, बाई, मेलेल्या पोरीला काचेत कोंडून ठेवता काय?" म्हणून ठरलं, फोटो काढायचे, जागा नकाशावर मांडायची आणि सोडून द्यायचा.

त्या बोलत असतानाच दगड काळा पडत ओला झाला. मेव्हणा घड्याळही न बघता म्हणाला, "भरती लागली." बाईंचं पेन थांबलं.

"जावा तुम्ही," मी ओरडलो. "ती हितं हाय, हितंच ऱ्हाईल!"

गेले बिचारे. त्यानंतर दगड वाळेनाच. दिवस न् दिवस तसाच ओला, फरशीवर ओघळ. एका दुपारी ओघळ पुसायला वाकलो, आणि भोकाला कान लागला. आत कुणीतरी धापा टाकत होतं. ओढ काढून दमलेलं जनावर टाकतं तशा.

मला जे बरं वाटत होतं ते माझं एकट्याचं होतं. मेव्हण्याला फोन लावला. "टेम्पो घेऊन ये."

घाट उतरलो. बाई काठावर कागद घेऊन उभ्या राहिल्या. होडीत आम्ही दोघंच, मी आणि वल्ह्यावर मेव्हणा. खाडीच्या मध्यावर दगड मी एकट्यानं लोटला. होडी हलकी होऊन वर आली. पाणी मिटलं.

मग होडी आणखी एकदा वर आली. माझ्या शेजारची मोकळी फळी करकरली.

"काय झाला?" मेव्हण्यानं विचारलं.

"उतरली," मी म्हणालो. "वल्ही मार."