फ्रेंचच्या बाईंचा शब्द

साताऱ्याच्या आमच्या फ्रेंचच्या बाईंना राग आला की त्या आधी हातातला खडू खाली ठेवायच्या. "रागात हातात काही नको," म्हणायच्या आणि मग सुरू व्हायच्या. ते बोलणं असं झोंबायचं की खडू फेकून मारला असता तर बरं, असं वाटे.

बाई विद्यार्थ्यांसाठी फ्रेंच-मराठी शब्दकोश करत होत्या. जनावरं शिकवणाऱ्याला फ्रेंचमध्ये 'दोंतर', स्पॅनिशमध्ये 'दोमादोर', इटालियनमध्ये 'दोमातोरे'. "ही सख्खी भावंडं. आई लॅटिन, 'दोमारे', म्हणजे माणसाळवणं. यात सर्कशीतला चाबूक दिसतो कुठे?" त्या विचारायच्या.

मराठी शब्दाची खात्री करायला त्या आम्हा चौघींना घेऊन एसटीने उंब्रजला गेल्या, खोंडं औताला शिकवणाऱ्या आप्पांकडे. आप्पांनी कोवळं खोंड म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला जुंपलं होतं, मागे औताऐवजी ओढायला नुसता ओंडका. खोंड अडलं की आप्पाही थांबायचे आणि त्याची मान खाजवायचे.

"चाबूक नाही वापरत?" बाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. मारलं की भितंय, आन् भ्यालेलं जनावर शिकत न्हाई. आदी त्याला माणसाळवाय लागतंय."

बाईंनी तिथेच बांधावर बसून वहीत लिहिलं, 'माणसाळवणारा'. परतताना एसटीत उभं राहावं लागलं, तरी स्वारी खूश होती.

प्रकाशकाने तो शब्द खोडला आणि 'रिंगमास्टर, चाबकाने जनावर वठणीवर आणणारा' असं घातलं. बाईंनी हस्तलिखित परत मागितलं, ते त्याने दिलं नाही. "एवढ्याशा शब्दासाठी?" असं त्यांनाच विचारलं. ज्याने जन्मात खोंडाच्या पाठीवर हात ठेवला नसेल, तो बाईंना शब्द शिकवणार! पुढे बाई गेल्या आणि वर्षाच्या आत कोश बाजारात आला. मुखपृष्ठावर बाईंचं नाव, आत त्याचा चाबूक. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं घालताना लाज कशी वाटली नाही? आठवलं की अजून माझा तिळपापड होतो.

मी आता सांगलीच्या कॉलेजात फ्रेंच शिकवते. कोशाच्या प्रती ग्रंथालयात आल्या त्या दिवशी मी पेन घेऊन तरातरा गेले. पान उघडलं. मग पेन टेबलावर ठेवलं आणि राग निवेपर्यंत बसून राहिले. त्यानंतरच ते उचललं आणि एकेका प्रतीत ती ओळ खोडून बाईंचा शब्द नीट अक्षरात लिहिला.

"मॅडम, नवी पुस्तकं खराब केलीत," ग्रंथपाल म्हणाले.

"खराबच आली होती," मी म्हणाले.