हरेशने चमकवलेला डॉलर

पालेगावच्या संजीवनी भोईर यांनी अंबरनाथच्या एका रसायन कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं वजनं केली, तीही मिलिग्रॅमपर्यंत. निवृत्तीनंतर बाई देवधर्माला लागतील, असं घरच्यांनी धरलं होतं. बाई जुनी नाणी जमवायला लागल्या. नवरा कैलास आधी हसला, मग चिडला, शेवटी त्यानं तिला समजावण्याचा नाद सोडला. पाहुण्यांना मात्र तो न चुकता सांगायचा, "नोकरीत असताना हिनं कधी पैसे उधळले नाहीत. आता पैसे देऊन जुने पैसे आणते."

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये हरेशचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. पितळेच्या समया, बंद घड्याळं, कॅमेरे, असला सगळा माल. दिवाळीनंतर एका सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. "दीदी, अमेरिकेचा डॉलर आलाय. चांदीचा. कोणीतरी घर खाली केलं, त्यात निघाला."

बाई भिंग, लोहचुंबक आणि खिशात मावणारा काटा घेऊन रिक्षात बसल्या.

डॉलर १८८१ सालचा होता. कडेनं तपकिरी, आत निळसर झाक आलेला. अशी नाणी अमेरिकेतल्या कंपन्या तपासून, दर्जा ठरवून, प्लास्टिकच्या डबीत सील करून देतात. याला डबी नव्हती आणि कागदही नव्हता, म्हणजे खरंखोटं आपणच ठरवायचं. चुंबकाला चिकटला नाही. वजन सव्वीस ग्रॅम बहात्तर सेंटिग्रॅम भरलं, म्हणजे बरोबर. कडेच्या रेघा एकसारख्या. पुढच्या बाजूच्या स्त्रीमुखाचे कानावरचे केस आणि मागच्या गरुडाच्या छातीवरची पिसं झिजलेली नव्हती. नाणं आधी तिथंच झिजतं. मग बाईंनी ते दिव्याखाली जरा तिरपं केलं, तर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरला. टांकसाळीतून निघाल्यापासून याला फारसं कुणी हाताळलंच नव्हतं.

"इतकं काय बघता, दीदी? चांदी आहे ना?"

"चांदी आहे. पण मी आज घेणार नाही. घरी पुस्तकात टांकसाळीची खूण पडताळते, शुक्रवारी येते." एकदा केलेलं वजन हे वजनच नव्हे, हा त्यांचा लॅबमधला नियम होता. "तोवर दुसऱ्याला देऊ नको. आणि असाच ठेव."

"तुमचाच समजा. बयानापण नको," हरेश म्हणाला.

पुस्तकात खूण जुळली. शुक्रवारी दुकान उघडल्या उघडल्या बाई हजर. हरेशनं लाल मखमलीच्या डबीतून डॉलर काढला आणि हसत पुढे केला. आरशासारखा पांढरा लखलखीत.

बाईंनी विचारलं, "हे काय केलंस?"

"पॉलिश केला, दीदी. किती काळा पडला होता. आधी पावडर, मग सोनाराकडचं पाणी. एक तास घासला मी स्वतः. त्याचे पैसेपण नाही लावले."

"मी 'असाच ठेव' म्हटलं होतं ना?"

"हो, म्हणजे बाजूला ठेव. ठेवला की बाजूला."

बाईंनी खुर्ची ओढली, भिंग त्याच्या हातात दिलं आणि नाणं दिव्याखाली धरलं. "बघ. त्या बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं? सगळ्या तुझ्या ब्रशच्या रेघा. त्या दिवशी तिरपं केलं तर उजेड फिरत होता, आठवतं? आता फिरव."

हरेशनं फिरवलं. पुन्हा फिरवलं. उजेड एका जागी मेल्यासारखा पडून राहिला.

"काळं पडणं म्हणजे घाण नव्हती रे. एकशे चाळीस वर्षांचा रंग होता तो. तू तासाभरात उतरवलास."

"आता परत काळा नाही होणार?"

"होईल. आणखी एकशे चाळीस वर्षं थांब."

हरेश ओशाळला. नऊ हजार सांगितले होते, ते त्यानं आपणहून चांदीच्या भावावर आणले. बाईंना आता नाणं घ्यायचंच नव्हतं. पण तिथंच ठेवलं असतं तर त्यानं त्याला कडी जोडून गळ्यातलं पदक केलं असतं, याची त्यांना खात्री होती. त्यांनी पैसे मोजले, पुटपुटत डबी पर्समध्ये टाकली.

घरी कैलासनं ते हातात घेऊन पाहिलं. "हे बरं दिसतंय की. नेहमीची तुझी कळकट असतात."

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मग सोमवारीच का नाही घेतलंस?"

या प्रश्नाचाच बाईंना सगळ्यात जास्त राग आला. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी नाण्याची चिठ्ठी लिहिली. साल, टांकसाळ, वजन. दर्जाच्या रकान्यापाशी हात थांबला. 'झीज नाही' लिहिता आलं असतं, ते खोटंही नव्हतं. पण त्यांनी खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'घासलेलं. मूळ झळाळी गेली.' विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला आपल्यासारखं भिंग आणायला लागू नये.

हरेशनं मात्र धसका घेतला. त्या दिवसापासून तो विचारल्याशिवाय कशालाच फडकं लावत नाही. आठवड्यातून तीनदा फोन येतो. "दीदी, पितळेची परात आहे, पुसू का?" पूस. "दीदी, हार्मोनियमवर धूळ आहे." अरे, धूळ झटक. परवा तर त्यानं दुकानातल्या काउंटरच्या काचेचं विचारलं.

बाई फोन ठेवतात, कपाळाला हात लावतात. आणि पुन्हा त्याचं नाव दिसलं की पहिल्याच घंटीला उचलतात. न जाणो, या खेपेला त्याच्या दुसऱ्या हातात ब्रश असायचा.