पोच द्या, मग घ्या

खामगावातल्या तेलाच्या कारखान्यात हिशेब लिहायची नोकरी लागली, तेव्हा मंजुश्रीला बी.कॉम. होऊन चार महिने झाले होते. पगार साडेतेरा हजार. वडनेर भोलजीहून रोज एसटीनं जायचं, अर्ध्या तिकिटात. बसथांब्याजवळ मोटर वायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या इंद्रभाननं, म्हणजे तिच्या वडिलांनी, त्या दिवशी दुकानात येईल त्याला चहा पाजला.

पहिला पगार खात्यात जमा झाला आणि मंजुश्रीनं दुपारच्या सुटीत एका कागदावर सगळं मांडलं. घरी पाच हजार. आईचा चष्मा. जाण्यायेण्याचा खर्च. पोस्टात दरमहा दोन हजारांची आरडी. तिचा फॉर्मसुद्धा तिनं आणून भरून ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदाच पैसा कुठं जाणार हे ती ठरवत होती, कुणाला विचारत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर उत्तमरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस आवाज न चढवणारा, केसांना रोज तेल लावणारा.

"पोरी, चार हजार काढून आण बँकेतून. पाकिटात घाल अन् माह्याजवळ दे."

"कायचे साहेब?"

"पगार साडेनऊच आहे तुहा. कागदावर सरकारी दर दाखवा लागते. सगळेच देतात."

खरंच सगळे देत होते. पाच तारखेला पाकिटांची रांगच लागायची. झाडलोट करणारी झुंबरबाईसुद्धा पदराला बांधून आणलेल्या नोटा काढून द्यायची. मंजुश्रीनंही दिले. आरडीचा फॉर्म पर्समध्येच राहिला. चष्म्याचं तिनं आईला, "पुढच्या महिन्यात पाहू," एवढंच सांगितलं.

तो महिनाभर ती जळत राहिली. कॉलेजात तीन वर्षं ती जमाखर्च शिकली होती. आलेल्या पैशाची नोंद आणि गेलेल्या पैशाची पावती, याशिवाय तिला व्यवहार माहीतच नव्हता. आणि तिच्याच पगाराला पावती नव्हती. तिनं बँकेत जाऊन चेकबुक मागितलं.

पुढच्या पाच तारखेला ती केबिनमध्ये गेली. टेबलावर कारखान्याच्या नावाचा चार हजारांचा चेक ठेवला आणि त्याच्याशेजारी एक अर्ज, दोन प्रतींत. 'माझ्या पगारातून आपण परत मागितलेली रक्कम चेकने देत आहे. कृपया पोच द्यावी.'

उत्तमरावांनी अर्ज दोनदा वाचला. "हे काय आणलं?"

"पैसे आणले साहेब."

"नगद आण."

"नगदीची पोच देता काय? देत असाल तर आत्ता आणते."

"पोच कशाची देऊ मी? डोकं फिरलं काय तुहं?"

"मंग पोच देता येत नाही असे पैसे मी कायले देऊ?"

बाहेर टायपिंगचा आवाज थांबला होता. उत्तमरावांनी चेक बोटानं तिच्याकडं सरकवला. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल गेलं. ऐन मे महिन्यात तिची बदली फाटकाजवळच्या वजनकाट्यावर झाली: पत्र्याची खोली, मोडका पंखा, सरकीचे ट्रक आणि धूळ.

घरी इंद्रभान चिडला. "पहिल्याच नोकरीत भांडण काऊन करून राह्यली? लोकाईले नोकऱ्या भेटत नाहीत."

"भांडत नाही बाबा. पावती मागून राह्यली. तुमी गिऱ्हाईकाले बिल देता का नाही?"

इंद्रभान जेवण अर्धवट टाकून उठला.

मंजुश्री काट्यावर जात राहिली. ट्रक चढव, वजन घे, पावती फाड, ट्रक उतरव. ड्रायव्हर आधी हसले, मग तिला ताई म्हणू लागले. जून महिन्याच्या पाच तारखेला तिनं पुन्हा चेक आणि अर्ज नेऊन दिला, पुन्हा चेक तेवढा परत आला. त्याच दुपारी झुंबरबाई काट्याच्या खोलीत येऊन खाली बसली.

"मले सही येते," ती म्हणाली. "बाकीचं तू लिही."

"काय लिहू मावशी?"

"तू लिहिलं तेच. मी पैसे द्याले तयार आहे, पण पोच पाहिजे म्हणाव. सहा वर्षांपासून देऊन राह्यली मी."

झुंबरबाईच्या अर्जानंतर पॅकिंगमधले दोघं आले, मग बिलं करणारा गोविंदा. जुलैपर्यंत अर्ज सात झाले, आणि कारखान्याच्या मालकानं, शेठनं, मंजुश्रीला बोलावून घेतलं.

"तुले पाहिजे तरी काय?"

"पगारपत्रकात माह्या नावापुढं लिहिलं तेवढं."

"उद्यापासून येऊ नको."

"बरं. तसं लिहून द्या शेठ. काऊन काढलं तेही लिहा."

टेबलावर सात अर्जांची चळत होती. शेठनं काही लिहून दिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्री नेहमीच्या वेळेला काट्यावर हजर झाली. फाटकावरच्या माणसानं तिला अडवलं नाही. ऑगस्टच्या पाच तारखेला कुणीच पाकीट मागितलं नाही. कुणी बोललंही नाही त्याबद्दल. झुंबरबाईनं तेवढी दुपारी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

फुकट काही झालं नाही. दिवाळीला मंजुश्रीला सोडून सगळ्यांना मिठाईचा डबा मिळाला. पगारवाढीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पहिल्या महिन्याचे चार हजार अजून मिळालेले नाहीत. त्यांच्यासाठी ती दर महिन्याला अर्ज देते आणि पोच घेते. आरडी सुरू आहे. आईनं चष्मा लावून पहिल्यांदा पाहिलं ते लेकीचं काळवंडलेलं तोंड. "सावलीतली नोकरी पाहा वं आता," ती म्हणाली. मंजुश्री अर्ज करते आहे दुसरीकडं, पण कुणी हाकललं म्हणून ती जाणार नाही.

या वर्षी तिच्या जुन्या टेबलावर समता नावाची नवी मुलगी आली. एकदा डबा खायला काट्यावर आली, तेव्हा तिनं सगळं ऐकलं आणि तिला ते खरंच वाटेना.

"आपलेच पैसे काढून परत द्यायचे? अन् लोकं देत होते?"

"मीबी दिले एकदा," मंजुश्री म्हणाली आणि ट्रकचा हॉर्न वाजला तशी उठून बाहेर गेली.