मऊ चाकाचा फीडर

परशराम गेल्याचा फोन तीन वेळा वाजून गेला, पण मशीन चालू होतं, मला ऐकू आलं नाही. शेवटी त्याच्या बायकोनं, सुशीलेनं, शेजारच्या पिठाच्या गिरणीत फोन केला. गिरणीवाला आमच्या दारात आला, हातानंच मशीन बंद करायची खूण केली आणि म्हणाला, "आक्का, परशराम अण्णा गेलं." चहा पिऊन कारखान्याला यायला निघाला होता. चपला घालताना उंबऱ्यावर बसला तो उठलाच नाही. माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याला आता दीड महिना झाला. लोक येतात, तो किती चांगला होता ते सांगतात. चांगला होताच, पण मला सांगायचं आहे ते वेगळं आहे, आणि ते मी तो असताना सांगायला हवं होतं.

निपाणीजवळ आमचा दाराच्या चौकटी करायचा कारखाना आहे. माझे मालक वारले तेव्हा मशीनं होती, गिऱ्हाइकं होती, पण मशीन कळणारं माणूस घरात नव्हतं, म्हणून मी परशरामला बोलावून घेतलं. चौकटीच्या लाकडाला खाच पाडतात त्या मशीनला स्पिंडल म्हणतात. त्याची पाती इतक्या जोरात फिरतात की डोळ्याला दिसत नाहीत, आणि लाकूड हातानं पुढं ढकलावं लागतं. ते काम फीडर करतो. एक मोटार आणि तिच्याखाली रबराची तीन-चार चाकं, एवढंच ते यंत्र. चाकं लाकूड वरून दाबून धरतात आणि एका चालीनं पुढं नेतात, माणसाचा हात पात्यापासून लांब राहतो. फीडर घ्यायचा हे परशरामनं आल्या आल्या ठरवलं. कुठला घ्यायचा हे ठरवायला मात्र त्यानं वर्ष घालवलं.

बेळगावात, हिंडलग्यात, कोल्हापुरात, कुठल्या कारखान्यात फीडर बसवलाय असं कानावर आलं की हा निघाला. बरोबर पिशवीत बाभळीचे तुकडे, तिथल्या फीडरखालून चालवून बघायला. सगळे एकाच ओंडक्यातले, म्हणजे पुढं लाकडाला दोष द्यायला जागा नको. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं एकदा पिशवी उघडायला लावली. "काय रे, चंदन नेतोयस?" हा म्हणाला, "चंदन असतं तर लाल गाडीनं कशाला आलो असतो साहेब? बाभळ हाय, वास घ्या की." पोलिसानं खरंच वास घेतला म्हणे.

संध्याकाळी परत आला की तुकडे माझ्यासमोर फरशीवर मांडायचा. "ह्यो काळा डाग बघ, आक्का. हितं चाक घसरलं, लाकूड थांबलं, पातं एकाच जागी घासलं आणि जळलं. ह्या दुसऱ्यावर चाकाचं वण उठल्यात, लई दाबतंय." एका देशी फीडरची मोटार दिवसभर चालून तापत नव्हती, पण त्याचं तेल गळून लाकडावर पडायचं. इटलीचा सगळ्यात उजवा, पण त्याचं चाक गेलं तर दोन दोन महिने वाट बघत बसायचं. तैवानचा त्याला पसंत पडला. त्याच्या आतली दातेरी चाकं लोखंडाची, स्टँड हलत नाही, आणि बाहेरची रबरी चाकं मऊ, लाकडाला धरून चालणारी.

"लगीन करायचंय काय त्याच्यासंगं?" मी विचारायची.

"लग्नाला एवढं बघितलं न्हवतं, आक्का. सुशीलेला इचार."

घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघं बेळगावला गेलो. दुकानात त्याचा तैवानचा फीडर होता आणि त्याच्या शेजारी दुसरा, हिरव्या रंगाचा, त्याच्या दीडपट वजनाचा. नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मी बारा वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलेली बाई. तिथं पान चिमटीत धरलं की बरं-वाईट कळतं, कुणाला विचारावं लागत नाही. माझा त्या चिमटीवर फार विश्वास. मी दोन्ही फीडरांची चाकं अंगठ्यानं दाबून बघितली. तैवानच्याचं चाक दबलं. हिरव्याचं दगडासारखं कडक.

"ह्यो घ्यायचा," मी म्हटलं.

"आक्का, कडक चाक नुसतं फिरतंय. मऊ हाय ते लाकूड धरतंय."

"मऊ ते लवकर झिजतंय. मला शिकवू नकोस."

"झिजू दे की. चाक बदलता येतंय," तो म्हणाला. पुढं आणखी काही बोलायचं होतं त्याला… बोलला नाही. कारखाना माझा होता आणि दुकानदार ऐकत उभा होता. किमतीत फरक नव्हता, तेव्हा मी चिक्कूपणा केला असं कुणी म्हणू नये. मला वाटलं मला कळतंय, एवढंच.

हिरवा फीडर वाळलेल्या सागवानावर बरा चालायचा. लाकूड जरा ओलं असलं की चाकं जागच्या जागी फिरायची आणि काळे डाग पडायचे. परशरामनं दाब वाढवला तर वण उठायला लागले. मऊ चाकं मागवून बघितली, ती याच्या दांड्यावर बसेनात. मग माणसं करतात तेच तो करायला लागला. लाकूड अडलं की मागून हातानं जरा रेटायचा. हात लांब राहावा म्हणून घेतलेल्या यंत्राला हाताची मदत. मी हे रोज बघत होते. पावसाळ्यात एका दुपारी त्यानं तसंच रेटलं, अडलेलं लाकूड एकदम सुटलं आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात गेले तर हाताला हे एवढं बँडेज. मला बघून म्हणाला, "माझं ध्यान न्हवतं, आक्का."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "मग ध्यान ठेवायला काय झालं हुतं?"

"व्हय," म्हणाला तो, आणि भिंतीकडं बघत पडून राहिला.

पुढच्याच महिन्यात मी तैवानचा फीडर आणवला. का आणवला ते मी बोलले नाही, त्यानं विचारलं नाही. उरलेल्या बोटांनी त्यानंच तो बसवला. नऊ वर्षं तो चालतोय. चाकं दोनदा बदलली.

त्यानंतर आसपासचे कारखानदार फीडर घ्यायच्या आधी परशरामला विचारायला यायचे. तो त्यांना चाक दाखवायचा, स्टँड हलवून बघायला सांगायचा, झाकण काढून आतले दाते दाखवायचा. कुणी ना कुणी त्याच्या हाताकडं बघून विचारायचंच, "मग पहिला तसला कसा काय घेतलासा, अण्णा?" तो म्हणायचा, "तवा मलाच कळलं न्हाय." मी तिथंच खुर्चीवर बसलेली असायची. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. पण मालकीण म्हणून बसलेल्या बाईला ते जड जातं. आज नको, मग कधीतरी… असं करत नऊ वर्षं काढली. त्याला दुखलं असेल का, राग असेल का, हे मला आता कधीच कळणार नाही. सुशीलेला विचारलं. ती म्हणाली, "त्यास्नी ते इचारायचा माझा बी धीर झाला न्हाय."

परवा जेवणाच्या सुट्टीत कडोलीचा एक कारखानदार आला. परशरामनं त्याला बोलावलं होतं, तो गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. कळल्यावर परत जायला निघाला. मी म्हटलं, आलाय तर बघून जावा. चाक दाखवलं, स्टँड हलवायला सांगितला, झाकण काढून दाते दाखवले. परशराम ज्या क्रमानं सांगायचा त्याच क्रमानं सांगितलं. कोपऱ्यात पोत्याखाली हिरवा फीडर पडून आहे, तोही दाखवला.

"अण्णांसारख्या माणसानं ह्यो कसा पसंत केला?" त्यानं विचारलं.

"त्यानं न्हाय केला. त्यो मऊ चाकाचाच सांगत हुता. ह्यो मी घ्यायला लावला. त्याची बोटं माझ्यामुळं गेली."

तो माणूस गडबडला. "अण्णा तर म्हणायचं, मलाच…"

"खोटं सांगायचा."

मी मशीन चालू केलं आणि त्याला फळी लावायला सांगितली. फीडरनं ती आत ओढून घेतली. पलीकडून फळी बाहेर येते तिथं ती धरायला कुणीतरी लागतं, नाहीतर खाली पडते. ती जागा परशरामची होती. गडी जेवायला गेलेले. मी वळसा घालून तिकडं गेले आणि फळी धरली.